कोयत्याच्या हंगामात मागे राहिलेली गौरी: एका २१ महिन्यांच्या मुलीच्या विकासाचं प्रकरण

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्या तीन वर्षांखालच्या लेकरांपुढे दोनच वाटा असतात. एक तर आईबरोबर थळावर, म्हणजे ऊसतोड टोळीच्या मुक्कामाच्या जागी, जायचं, नाही तर गावात म्हाताऱ्यांपाशी राहायचं. इथे जिची नोंद केली आहे ती मुलगी एका वर्षी एका वाटेने गेली आणि पुढच्या वर्षी दुसरीने. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला गौरी म्हणू.

पार्श्वभूमी

गौरीचा जन्म जूनच्या मध्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात झाला. जन्मवजन २.४ किलो, म्हणजे कमी वजनाच्या २.५ किलोच्या रेषेच्या थोडं खाली. आई २३ वर्षांची, वडील २७ वर्षांचे. थोरला भाऊ सहा वर्षांचा, पहिलीत. दीड एकर कोरडवाहू जमीन, दोन शेळ्या, एक गाय. वर्षाचा खरा पैसा कोयत्याचा. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. हिशेब जोडीचा असतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे बाईने घरी राहायचं ठरवलं तर नवऱ्याचा अर्धा कोयता होतो आणि उचलही त्याच हिशेबाने कमी मिळते.

पहिल्या हंगामात गौरी चार महिन्यांची होती. आईने तिला बरोबर नेलं. पहाटे चारला फडात जायचं, लेकरू फडाच्या कडेला साडीच्या झोळीत. आई अंगावर पाजायची, पण मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत दोन पाजण्यांमध्ये कधी कधी पाच-सहा तास जायचे. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं ते चहात बुडवलेल्या बिस्किटाचं. सकाळी कोपीवर (थळावरच्या झोपडीत) चूल पेटवायला कोणी नसायचं आणि दुकानात सहज मिळायचं ते तेवढंच. त्या हंगामात टोळीतल्या एका लेकराला शेकोटीत भाजलं. आई-वडिलांनी तेव्हाच ठरवलं की पुढच्या वर्षी गौरीला न्यायचं नाही.

दुसऱ्या हंगामात, १६ महिन्यांची असताना, ती आजीपाशी राहिली. आजी ५८ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या. शेळ्या, गाय, पाणी, नातवाची शाळा असं सगळं त्यांच्यावर. गौरीचं अंगावरचं दूध आणि आई, दोन्ही एकाच दिवशी तुटलं.

यंत्रणेला या मुलीबद्दल काय माहीत होतं, तेही पाहायला हवं. घरच्या भेटींच्या कार्यक्रमात आशाताईंनी बाळाच्या ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्यात घरी जायचं असतं. गौरीच्या बाबतीत सहावा महिना डिसेंबरात आला आणि नववा मार्चमध्ये. दोन्ही वेळा कुटुंब थळावर होतं. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस मे महिन्यात मिळाली. बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या भेटी झाल्या, पण माता-बाल संरक्षण कार्डावर फक्त वजन लिहिलं गेलं. ‘या वयात मूल काय करतं’ हे चित्रांनी दाखवणारं पान कोरं राहिलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. जानेवारीत ते आलं, पण तीन वर्षांखालची मुलं रोज अंगणवाडीत बसत नाहीत. आजींना निरोप मिळाला नाही आणि गौरीची तपासणी राहिली. हा कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्यात जन्मजात व्यंग, आजार आणि कमतरतांच्या जोडीला विकासातला विलंबही तपासायचा असतो. त्यामुळे त्या दिवशी ती तिथे असती, तर दोन महिने आधी गोष्टी हलल्या असत्या.

अडचण कशी लक्षात आली

मार्चमधल्या वजनाच्या दिवशी आजी गौरीला घेऊन आल्या. वजन ८.३ किलो, लांबी ७७ सेंटिमीटर, दंडघेर १२.८ सेंटिमीटर. २१ महिन्यांच्या मुलीसाठी वजन आणि लांबी दोन्ही वाढीच्या तक्त्यावर उणे दोनच्या रेषेखाली, म्हणजे वयाच्या मानाने बरीच कमी. दंडघेर मात्र १२.५च्या वर आणि उंचीच्या मानाने वजन बरं. म्हणजे ती सॅममध्येही (तीव्र कुपोषण) नव्हती आणि मॅममध्येही (मध्यम कुपोषण) नव्हती, त्यामुळे ग्राम बालविकास केंद्रात दाखल करायच्या यादीत तिचं नाव येणार नव्हतं. खुरटलेली पण हडकुळी न दिसणारी मुलं अशीच निसटतात. दिसायला लहानखुरी, म्हणून सगळे तिला तिच्या वयापेक्षा लहान धरून चालतात आणि बोलत नाही याचंही कोणाला नवल वाटत नाही.

अंगणवाडी सेविकेचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. तिने मागून गौरीला तीनदा नावाने हाक मारली. मुलगी वळली नाही. तेवढ्यात भावाच्या हातातल्या फोनवर कार्टूनची धून वाजली आणि गौरी ताडकन वळली. जमलेल्या बायका म्हणाल्या, ऐकायला येतंय की, मोबाईलचाच नाद आहे तिला. आजींनी तेच सांगितलं: “बाई, मी कामं उरकू का हिच्यापाशी बसू? फोन दिला की गप बसती.”

सेविकेने कार्डावरचं पान उघडून एकेक बाब विचारली. शब्द दोनच, ‘बा’ आणि ‘नको’. बोटाने दाखवणं जवळपास नाही. काही हवं असलं की मोठ्यांचा हात धरून ओढत नेणार. चालायला लागली १७व्या महिन्यात. ‘चप्पल आण’ हे हाताने चप्पल दाखवून सांगितलं तर आणते, नुसतं सांगितलं तर थबकते. १६ महिन्यांपर्यंत एकही सुटा शब्द न येणं किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडता न येणं, या थांबून तपासायच्या खुणा आहेत. गौरी पहिल्या खुणेतून जेमतेम सुटली होती. दुसरीला अजून तीन महिने होते.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय सगळ्यात सोपा होता: आई-वडील एप्रिलमध्ये येणारच आहेत, तोवर थांबू. घरच्यांचा कल तिकडे होता. ‘हिचा बापही उशिरानंच बोलला’ हे वाक्यही आलं, आणि ते प्रत्येक घरात येतं.

दुसरा: मोबाईल बंद करायला सांगायचं, टीएचआरची (अंगणवाडीतून घरी न्यायच्या पूरक आहाराची) पाकिटं द्यायची आणि महिन्याने वजन करायचं. सेविकेच्या नेहमीच्या कामात हे बसत होतं.

तिसरा: मुलीला लगेच आईकडे थळावर पाठवायचं. हंगाम संपायला पाच-सहा आठवडे होते, फडात आग आणि ट्रॅक्टर होते, आणि खाण्याची परिस्थिती गावापेक्षा वाईट. हा पर्याय लवकर बाजूला पडला.

चौथा: आधी कान आणि रक्त तपासायचं, त्याच वेळी आजींच्या दिवसात बसेल असा आधार उभा करायचा, आणि आई-वडील आल्यावर पुढच्या हंगामाचं आताच बोलायचं.

चौथा निवडला गेला. त्यात सर्वात जास्त वाद झाला तो कानाच्या तपासणीवर. जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र ७० किलोमीटरवर, आजींचा एक दिवस जाणार, गाईचं कोण बघणार? फोनच्या आवाजाला मूल वळतं, मग कशाला? सेविका इथे अडून बसली आणि ते फार बरं झालं. ओळखीच्या, मोठ्या, चढ्या सुराच्या आवाजाला वळणारं मूलही साध्या बोलण्यातले आवाज अर्धवट ऐकत असू शकतं. एका कानाने कमी ऐकू येणारं मूल तर घरात कोणाच्याच लक्षात येत नाही. बोलण्यात उशीर असेल तर श्रवणचाचणी आधी, बाकीचे निष्कर्ष नंतर, हा क्रम पैसे वाचवण्यासाठी मोडू नये.

तपासण्यांत काय निघालं

ओएई या श्रवणचाचणीत उजवा कान उत्तीर्ण झाला, डावा नाही. टिंपॅनोमेट्रीत, म्हणजे कानाच्या पडद्याच्या तपासणीत, डाव्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठल्याचं दिसलं. हिवाळ्यात दोनदा झालेल्या सर्दीनंतर ते राहिलं असावं. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी औषधांचा मारा केला नाही. असं पाणी बहुतेक मुलांत आपोआप ओसरतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं आणि तोवर तिच्याशी समोर बसून, चेहरा दिसेल असं, उजव्या बाजूने बोलायचं, एवढं सांगितलं.

हिमोग्लोबिन ८.६ निघालं, म्हणजे मध्यम रक्तक्षय. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वजनाच्या किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम लोह, म्हणजे गौरीसाठी सुमारे २५ मिलिग्रॅम, असं दोन महिन्यांचं औषध लिहून दिलं आणि जंताची अर्धी गोळी दिली. लोहाची कमतरता फक्त अंगात रक्त कमी असण्यापुरती नसते. असं मूल मरगळतं, खेळायला पुढे येत नाही, आवाज कमी करतं. मग मोठी माणसंही त्याच्याशी कमी बोलतात.

स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) चाळणीसाठी २० प्रश्नांची एम-चॅट यादी भरली. गुण ४ आले. ३ ते ७ म्हणजे मधला धोका, आणि त्यात पुढची पायरी असते पाठपुरावा मुलाखतीची. तिथे एकेक प्रश्न उदाहरणं देऊन पुन्हा विचारतात. “दाखवते का?” याला आजी आधी ‘नाही’ म्हणाल्या होत्या. मुलाखतीत “शेळीचं करडू झाल्यावर काय केलं?” असं विचारल्यावर आठवलं की तिने आजींचा पदर ओढून, करडाकडे बघून मग आजींच्या तोंडाकडे पाहिलं होतं. गुण १ वर आले. मुलीला लेबल लागलं नाही आणि दोन वर्षं पूर्ण झाल्यावर पुन्हा चाळणी करायचं ठरलं. पहिल्या गुणांवरच कोणी घरच्यांना ‘ऑटिझम असेल’ म्हणून टाकलं असतं, तर त्या भीतीने आजींनी पुढचं काहीच ऐकलं नसतं.

काय केलं गेलं

पहिल्या घरभेटीत आजींना नऊ सूचना एकदम सांगितल्या गेल्या: मोबाईल देऊ नका, गोष्टी सांगा, दिवसातून पाचदा खाऊ घाला, हात धुवा, आणखी पाच. दहा दिवसांनी एकही सुरू झालेली नव्हती. यात आजींची उदासीनता नव्हती. त्या नऊ गोष्टींना त्यांच्या दिवसात जागाच नव्हती.

दुसऱ्या भेटीत सेविका आणि आशाताईंनी वहीत आजींचा दिवस मांडला. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत, तासाच्या पुढे तीनच रकाने: गौरी कुठे, कोणापाशी, हातात काय. फोन एकूण साडेतीन तास निघाला. सकाळी खाताना, दुपारी आजी पडतात तेव्हा, आणि संध्याकाळी चुलीपाशी. ‘बस’, ‘खा’, ‘हात लावू नको’ सोडून कोणीतरी तिच्याशी बोललं असा वेळ १५ मिनिटांच्या आतला. ही वही या प्रकरणातली सर्वात उपयोगी गोष्ट ठरली. आजी स्वतःच म्हणाल्या की अंघोळीच्या वेळी आणि धान्य निवडताना त्यांचे हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं.

तिथून योजना बनली. नवीन वेळ मागायचा नाही, असलेल्या तीन कामांत दहा-दहा मिनिटं बोलायचं: अंघोळ, शेळ्यांना चारा, धान्य निवडणं. कसं बोलायचं हे सेविकेने करून दाखवलं. गौरी ज्याकडे बघते त्याचं नाव घ्यायचं, मग मनात पाच मोजेपर्यंत गप्प राहायचं. ती जो आवाज काढेल तो उत्तर म्हणून धरायचा आणि एक शब्द वाढवून परत द्यायचा. ती ‘बा’ म्हणाली तर “बकरी. बकरी आली.” चुकलं म्हणून दुरुस्त करायचं नाही, ‘म्हण, म्हण’ म्हणून मागे लागायचं नाही. सर्वात अवघड गेलं ते गप्प राहणं. मोठ्या माणसाला ती पाच सेकंदं फार लांब वाटतात आणि तो पुन्हा बोलून टाकतो, मग मुलाची पाळी येतच नाही. आजींना जात्यावरच्या ओव्या येत होत्या. त्या म्हणताना ओळीचा शेवटचा शब्द मोकळा सोडायचा, एवढाच बदल केला. चौथ्या आठवड्यात गौरीने त्या मोकळ्या जागेत ‘बाय’ असा आवाज भरला.

खेळणी विकत आणली नाहीत. झाकणाचे तीन डबे, एकात एक बसणाऱ्या वाट्या, झाकण घट्ट चिकटवलेल्या बाटलीत तुरीचे दाणे, जुन्या कॅलेंडरची चित्रं. सुटे दाणे आणि अख्खे शेंगदाणे हाताशी ठेवायचे नाहीत, घशात अडकतात.

खाण्यात पहिला बदल चहाचा. चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही, म्हणून जेवणाच्या आणि औषधाच्या पुढे-मागे तासभर चहा नाही, मग हळूहळू बंद. बिस्किटांऐवजी वरणात कुस्करलेली भाकरी, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप. चमचाभर तेलाने सुमारे ४५ कॅलरी वाढतात आणि पोटात जागा लागत नाही. शेंगदाण्याचं कूट, आठवड्याला तीन अंडी, टीएचआर रोज एकदा. या वयाला दिवसातून तीन-चार जेवणं आणि मध्ये एक-दोनदा खाऊ लागतो, दर वेळी २५० मिलिलिटरच्या वाटीच्या पाऊण ते पूर्ण. तिची ताटली वेगळी ठेवली, कारण भावाच्या ताटात ती किती जेवली हे कळत नव्हतं. लोहाच्या औषधाने शी काळी होते हे आधीच सांगितलं होतं. ते सांगायचं राहिलं की तिसऱ्या दिवशी बाटली फडताळावर जाते.

मोबाईलचं सगळं सुरळीत झालं नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांखाली स्क्रीन नको म्हणते आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तेच सांगते. आजींनी एका सकाळी फोन एकदम बंद केला. गौरी दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी शेजारणीने आपला फोन तिच्या हातात दिला आणि सगळं मूळपदावर आलं. मग टप्पे केले: पहिले दोन आठवडे फक्त खाताना फोन नाही, पुढे संध्याकाळी चुलीपाशी नाही, तिथे वाट्या आणि डबे. दुपारची झोपेआधीची वेळ सगळ्यात शेवटी. भावालाही सांगावं लागलं, कारण शाळेतून आला की फोन त्याच्या हातात असायचा.

एक अपवाद ठरवून ठेवला, आई-वडिलांचा व्हिडिओ कॉल. तो रात्री साडेआठला यायचा. कोपीत दिवा नसायचा, आईचा चेहरा काळा ठिपका दिसायचा आणि गौरी पाठ फिरवायची. आईला वाटायचं, पोरगी विसरली. कॉलची वेळ दुपारी, फडातल्या भाकरीच्या सुट्टीत आणली. उजेडात आईचा चेहरा दिसू लागला. आजींनी शेजारी बसून “आई काय खाते? भाकरी” असं मध्ये बोलायचं ठरलं. पाच मिनिटं पुरेशी होती.

एप्रिल: आई-वडील परतले

सगळ्यांना वाटलं होतं की आता प्रश्न सुटला. पहिल्या रात्री गौरी आईपाशी झोपेना, आजींकडे धावली. आईने दोनदा ओढून घेतलं, चौथ्या दिवशी चापट मारली. सासू-सुनेत शब्द झाले: “तुम्हीच लाडावलंत.” इथे आशाताईंनी जे केलं ते नोंदवण्यासारखं आहे. त्यांनी आईला समजावलं की १६ महिन्यांच्या लेकराने सहा महिने ज्या माणसाला धरून काढले त्याला ते सोडत नाही, हे लेकराचं शहाणपण आहे. तुटलेलं काही नाही. मग बदली हळू केली. पहिला आठवडा आजी भरवणार, आई शेजारी. दुसरा आठवडा आई भरवणार, आजी शेजारी. झोपताना दोघींच्या मध्ये गौरी. साधारण तीन आठवड्यांत ती रात्री आईकडे सरकू लागली.

आईची झोप उडालेली होती, जेवण कमी, कामात मन नाही. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंनी नऊ प्रश्नांची नैराश्याची यादी विचारली. सौम्य गटात गुण आले, स्वतःला इजा करण्याचे विचार नव्हते. महिनाभर दर आठवड्याला बोलणं ठेवलं आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिला. ही विचारपूस झाली नसती तर त्या चापटीचा अर्थ ‘आई तापट आहे’ एवढाच लावला गेला असता.

ऑक्टोबरचा निर्णय

खरा कस पुढच्या हंगामात होता. तेव्हा गौरी २८ महिन्यांची होती, ८० हजारांची उचल जूनमध्येच घेऊन दुरुस्ती आणि औषधपाण्यात खर्च झाली होती. ऑगस्टमध्ये सेविकेने तिन्ही मोठ्यांना एकत्र बसवलं.

आईने राहावं ही गोष्ट सगळ्यांना बरी वाटत होती, पण अर्धी उचल परत कुठून करणार याचं उत्तर नव्हतं. बरोबर न्यायचं म्हटलं तर थळाजवळ अंगणवाडी आहे का, हे मुकादमाला विचारलं. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपमध्ये स्थलांतरित मुलाची नोंद दुसऱ्या अंगणवाडीत हलवता येते, पण टोळी कोणत्या गावात उतरणार हेच निघण्याआधी नक्की नव्हतं. शेवटी गौरीला मागे ठेवायचं ठरलं, पण गेल्या वर्षीसारखं नाही. आत्याने रोज सकाळी दोन तास तिला सांभाळायचं आणि त्याचे महिना ८०० रुपये वडिलांनी द्यायचे. अंगणवाडीत आठवड्याला दोनदा, तासभर, तीन वर्षांखालची मुलं आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायकांची बैठक. आईने संक्रांतीला चार दिवस येऊन जायचं, खाडा पडला तरी. निघण्याआधी महिनाभर गौरीची दुपारची झोप आजींपाशी सुरू केली. आणि आईने पहाटे गुपचूप निघून जायचं नाही, गौरी जागी असताना सांगून निघायचं. घरच्यांना हे शेवटचं पटायला वेळ लागला, ‘उगाच रडवायचं कशाला’ म्हणून. ती रडली. पण मागच्या वर्षी ती आठवडाभर दाराकडे बघत बसायची, तसं या वर्षी झालं नाही.

निष्पत्ती

हिमोग्लोबिन दोन महिन्यांत १०.१ आणि सप्टेंबरात ११.२ झालं. डाव्या कानातलं पाणी जूनच्या तपासणीत ओसरलेलं होतं. एम-चॅटची दुसरी चाळणी कमी धोक्यात आली. वजन २४व्या महिन्याला ९.१, २८व्याला ९.९ आणि ३४व्याला ११ किलो, म्हणजे उणे दोनच्या रेषेच्या वर. उंची अजून त्या रेषेलाच टेकलेली आहे. पहिल्या वर्षातला खुरटेपणा भरून येणं अवघड असतं आणि तो पूर्ण भरेल असं कोणी घरच्यांना सांगितलेलं नाही.

दोन वर्षांची झाली तेव्हा सुमारे १५ शब्द होते. ऑक्टोबरात ‘आई गेली’, ‘दूध नको’ असे जोड शब्द. ३४व्या महिन्यात तीन शब्दांची वाक्यं येतात, पण बाहेरच्या माणसाला निम्मं कळत नाही. वयाच्या मानाने ती अजून मागे आहे. डिसेंबरात आत्या तीन आठवडे आजारी पडली तेव्हा फोन दुपारी परत आला आणि वजन महिनाभर हललं नाही.

गौरीत बदल कशामुळे झाला, हे एका मुलीवरून वेगळं काढता येत नाही. लोह, कान, खाणं आणि बोलणं एकाच वेळी सुरू झालं. मात्र जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९८०च्या दशकात खुरटलेल्या १२९ मुलांवर झालेल्या अभ्यासाकडे बघायला हवं. तिथे दोन वर्षं दर आठवड्याला घरी जाऊन आईला खेळ आणि बोलणं शिकवलं गेलं. त्या मुलांचा फायदा मोठेपणापर्यंत टिकला, २२व्या वर्षी त्यांची कमाई तुलनेच्या गटापेक्षा २५ टक्के जास्त होती. नुसता पूरक आहार मिळालेल्या मुलांत असा टिकाऊ फायदा दिसला नाही. आपल्याकडे अशा मुलाच्या वाट्याला आहाराची पाकिटं येतात, बोलणाऱ्या माणसाची सोय क्वचित येते.

वेगळं काय करता आलं असतं

गौरीच्या हुकलेल्या दोन्ही भेटी हंगामात पडल्या आणि ते दरवर्षी होणार आहे. ऊसतोडीच्या गावात सप्टेंबरात, टोळ्या निघण्याआधी, दोन वर्षांखालच्या प्रत्येक बाळाची भेट ठेवावी: लस, हिमोग्लोबिन, विकासाचं पान भरणं, आणि मूल जाणार की राहणार याची नोंद. राहणार असेल तर भेटीच्या यादीत आईच्या नावाशेजारी प्रत्यक्ष सांभाळणाऱ्याचं नाव हवं. जानेवारीतला पथकाचा निरोप आईच्या फोनवर गेला होता, आई कोल्हापूर जिल्ह्यात होती.

अंगावरचं दूध एका दिवसात तोडावं लागणार हे ऑगस्टपासून माहीत होतं. तिला पहिल्यांदा मागे ठेवलं त्याच वर्षी दीड-दोन महिने आधीपासून एकेक पाजणं कमी करून त्या जागी वाटीतलं खाणं बसवता आलं असतं.

घरभेट पंधरवड्याला एक झाली. आठवड्याला व्हायला हवी होती, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, कारण फोन बंद करण्याचा फसलेला प्रयोग तेरा दिवसांनी कळला. सेविकेच्या हाताखाली ३० पेक्षा जास्त मुलं असताना हे एकटीने शक्य नाही. आत्यासारखी, थोडे पैसे घेऊन दोन तास देणारी गावातलीच बाई मार्चमध्येच शोधायला हवी होती, ती सहा महिने उशिरा सापडली.

जूनमध्ये गौरी तीन वर्षांची होईल आणि अंगणवाडीत रोज बसू लागेल. त्याआधी मे महिन्यात उच्चारांसाठी वाचा-तज्ज्ञांकडे न्यायचं आहे आणि कान पुन्हा एकदा तपासायचा आहे. वडिलांनी या वर्षी उचल कमी घेऊन अर्धा कोयता करता येईल का, याचं मुकादमाशी बोलणं सुरू केलं आहे.